भिंतीची दातखीळ

१

"तुमची भिंत रडतेय!"

नकारघंटेनं रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला. कंपनीच्या तक्रार विभागात इतकी वर्षं काढल्यावर कोणता फोन कानाला लावायचा आणि कोणता हवेत धरायचा, हे त्याला पहिल्या श्वासातच कळायचं.

"ऐकताय ना? की दोन्ही कानांत तुमचंच सिमेंट ओतलंय? दुसऱ्या ओळीतल्या पट्टीतून तांबडे ओघळ येताहेत, तांबडे! दळभद्र्यांनो, दोन दिवसांत माणूस धाडला नाहीत तर तुमच्या दारात धरणं धरीन! आणि नुसतं दुरून बघून जायचं नाही. ती पट्टी उघडायची. सगळ्यांदेखत!"

पत्ता सांगून पलीकडून फोन आपटला गेला.

कंपनी फायबर सिमेंटच्या पट्ट्या बनवायची. घराच्या बाहेरच्या भिंतींवर त्या माशाच्या खवल्यांसारख्या एकीवर एक चढवत नेतात. मग ऊन, पाऊस, वाळवी, काही म्हणजे काही आत जात नाही असं जाहिरातीत लिहिलेलं असायचं. तरीही काही गेलंच, तर माणूस फोन करायचा, आणि मग ह्याला जावं लागायचं. जाऊन काय करायचं? चूक गिऱ्हाइकाची आहे हे सिद्ध करायचं. आजवर त्यानं एकही तक्रार मंजूर केली नव्हती. ऑफिसातल्या लोकांनी त्याचं नाव नकारघंटा ठेवलं, तेव्हा त्यानं ते पदक मिळाल्यासारखं मिरवलं होतं.

शिव्या ऐकून ऐकून त्याचा कान चांगला तयार झाला होता. आजची शिवी त्याला आवडली. एकेक त, एकेक द कसा ठसठशीत, ऐरणीवर ठोकून काढल्यासारखा. हल्ली इतकं स्वच्छ कोण बोलतं?

फक्त एक गोष्ट त्याला खटकली. गिऱ्हाईक म्हणतं, पट्टी बदलून द्या. पट्टी उघडा, असं आजवर कुणीच म्हटलं नव्हतं.

२

फाटकातच एक म्हातारा स्टुलावर बसला होता. समोर दगड, हातात हातोडी, मांडीवर पत्र्याचा डबा. वाकडा झालेला गंजका खिळा दगडावर धरायचा, ठक ठक करून सरळ करायचा आणि डब्यात टाकायचा.

"तक्रार तुमची?" नकारघंटेनं विचारलं.

म्हाताऱ्यानं मान वर केली. तोंडाचं बोळकं झालं होतं. गाल आत, हनुवटी नाकाच्या भेटीला निघालेली. "कोण फुम्ही?"

"पट्ट्यांच्या कंपनीतून आलोय."

"फी पट्टी उघडा!" म्हातारा ओरडला. "फुनेनं माझे बाफ चोरले!"

नकारघंटेला पुढचं एक अक्षर कळलं नाही. तेवढ्यात घरातून ओल्या हातांनी एक भरभक्कम बाई आली. ही थोरली सून. गेला दीड महिना ती सासऱ्याची दुभाषी होती आणि त्या कामात तिनं चांगलाच जम बसवला होता.

"अप्पा म्हणताहेत, धाकट्या सुनेनं त्यांची कवळी चोरली. ती पहिल्यापासून तसलीच. माहेरची वळणंच तशी. वरच्या दोन खोल्यांवर तिचा काही हक्क नाही, आणि आज संध्याकाळच्या आत तिनं चंबूगबाळं आवरावं."

"एवढं सगळं म्हणाले ते? मला तर चारच शब्द ऐकू आले."

"तुम्हाला सवय नाही," थोरली म्हणाली.

घरात पाऊल टाकताच त्याला जिना दिसला. त्या जिन्यात ह्या घराची सगळी कहाणी अडकून पडली होती. वरून धाकटीची पत्र्याची ट्रंक खाली येत होती, खालून थोरलीचं शिवणयंत्र वर चाललं होतं, आणि मधल्या वळणावर दोघांची अशी गाठ पडली होती की आता हेही हलेना आणि तेही हलेना. ट्रंकेच्या वरच्या बाजूला धाकटी बसली होती, यंत्राच्या खालच्या बाजूला थोरला उभा होता, घाम पुसत. दोघांच्याही चेहऱ्यावर सकाळपासूनचं भांडण वाळून चिकटलेलं.

"काल फोन कुणी केला होता?" नकारघंटेनं विचारलं.

"मी नाही," थोरला म्हणाला. त्याचा आवाज पिचक्या बासरीसारखा. नकारघंटेनं त्याच्यावर मनातल्या मनात फुली मारली.

"आमच्याकडे फोन करायला वेळ कुणाला आहे?" थोरली फणकारली. "हिनंच केला असेल. नाहीतर कुणाकडून तरी करवला असेल."

"मला काय हौस आहे, जाऊबाई?" वरून धाकटी म्हणाली. "मी इथून चाललेय. भिंत रडो, नाहीतर तुम्ही रडा."

"बघितलंत? बघितलंत जीभ?"

"पुरुषाचा आवाज होता," नकारघंटा म्हणाला. "आणि ह्याच घरातल्या नंबरवरून."

घरात पुरुष दोनच. धाकटा बोटीवर नोकरीला, कुठल्याशा समुद्रात. राहिला एक बासरीवाला, आणि दुसऱ्याच्या तोंडात दातच नव्हते.

३

भिंत मागच्या बाजूला होती. नकारघंटा तिच्याजवळ गेला आणि क्षणभर नाही म्हणायचंच विसरला. काम सुरेख होतं. जमिनीपासून वीतभर वर पहिली ओळ, तिच्यावर दोन बोटं चढवलेली दुसरी, तिच्यावर तिसरी, अशा ओळी थेट वळचणीपर्यंत गेल्या होत्या. एकही खिळा दिसत नव्हता.

"दिसणार कसा?" मागून आवाज आला. मिस्त्री आला होता. कंपनीनं बोलावलं म्हणून आला, नाहीतर थोडं काम बाकी ठेवून गेल्यापासून त्यानं ह्या घराचं तोंड पाहिलं नव्हतं. "माझ्या भिंतीला खिळे आहेत हे देवालाही माहीत नसतं. खिळा मारायचा पट्टीच्या वरच्या काठाला, आणि त्याच्यावर दुसरी पट्टी बसते. झाकला! खिळा दिसला तर मला मिस्त्री म्हणू नका, शेंबड्या म्हणा."

"मग हे काय आहे, शेंबड्या?"

स्वयंपाकघराच्या दाराला लागून हातभर लांबीचा एक तुकडा होता. फोनवर सांगितलेली तीच दुसरी ओळ. त्याच्या तोंडावर, धडधडीत समोर, चार खिळ्यांची चार डोकी. प्रत्येक डोक्यापासून तांबडा ओघळ खाली आलेला.

मिस्त्रीचा चेहरा असा झाला, जणू कुणी भर लग्नात त्याचं धोतर ओढलं असावं. "हे माझं नाही! आईशप्पथ माझं नाही! मी जस्ताचा मुलामा दिलेले खिळे वापरतो. त्यांना गंज चढत नाही. हे साधे लोखंडी आहेत. कुठल्या गाढवानं मारले हे?"

"उरलेलं काम करायला सहा आठवडे आला का नाहीस?"

"का येऊ? मी परांचीवर चढलो की हा म्हातारा खाली उभा. माझ्या हातून खिळा पडला रे पडला की उचलून खिशात, आणि वर माझ्याच हातांना नावं ठेवणार! मी म्हटलं उद्या येतो. मिस्त्रीनं उद्या येतो म्हटल्यावर शहाण्या माणसाला काय ते कळतं."

एव्हाना सगळं घर मागे गोळा झालं होतं. धाकटीसुद्धा ट्रंकेवरून उडी मारून आली. अप्पा स्टूल आणि खिळ्यांचा उघडा डबा घेऊन आले आणि नाटकाला बसावं तसे पहिल्या रांगेत बसले.

"उघडा," अप्पा म्हणाले. हा शब्द मात्र बिनदातांचाही नीट निघाला.

नकारघंटेनं कटावणी घातली. खिळे कुरकुरले, पट्टी सुटली. मागच्या फटीत जांभळ्या फुलांच्या रुमालाची एक पुरचुंडी होती. त्यानं ती उचलली आणि तिची गाठ सोडली.

पुरचुंडीतून एक अख्खी कवळी त्याच्याकडे बघून हसली.

४

"माझा रुमाल!" धाकटीच्या तोंडून गेलं. पुढच्याच क्षणी, आपण काय बोललो हे तिच्या लक्षात आलं.

"कबूल झाली!" थोरलीनं टाळी वाजवली. "स्वतःच्या तोंडानं कबूल झाली! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच!"

"रुमाल माझा आहे. दोरीवरून कधी गेला तो मला काय माहीत!"

"दोरीवरून जाऊन कवळी गुंडाळून भिंतीत शिरला? पाय फुटले का ग रुमालाला?"

"तुमच्या जिभेला फुटलेत तसे फुटले असतील."

अप्पा स्टुलावर मागेपुढे झुलत होते. त्या बोळक्या तोंडावर इतकं समाधान होतं, की दीड महिना खिमट खाल्लेला माणूस हाच का, असं वाटावं. "फांगिफलं होफं!" ते म्हणाले.

"अप्पा म्हणताहेत, सांगितलं होतं," थोरलीनं लगेच सुरू केलं. "म्हणताहेत, आता हिनं एक घटकाही इथे..."

"थांबा," नकारघंटा म्हणाला.

खरं म्हणजे त्याचं काम झालं होतं. लोखंडी खिळे, बाहेरून मारलेले. कंपनीचा संबंध नाही, तक्रार नामंजूर, चला घरी. पण काल फोनवर कुणीतरी म्हणालं होतं, पट्टी उघडा, सगळ्यांदेखत. कुणाला तरी साक्षीदार हवा होता, आणि त्या कुणीतरी कंपनीच्या माणसाला बैलासारखं कासरा धरून इथवर आणलं होतं. नाही म्हणणं हा ज्याचा धंदा, त्याला दुसऱ्याच्या सोयीनं हो म्हणायला लावलेलं खपत नसतं.

"कवळी गेली कधी?" त्यानं विचारलं.

"भिंतीचं काम चाललं होतं त्याच दिवशी," थोरली म्हणाली. "तेव्हा हीच सकाळी इथे दारात उभी राहून कामगारांना चहा देत होती. ही खालची ओळ सकाळीच बसली. हळूच टाकली असणार पट्टीमागे."

"दुसरी ओळ सकाळी? नक्की?"

"खालून वर जातात, साहेब," मिस्त्री म्हणाला. "सकाळी जमिनीपाशी, जेवायच्या आधी खिडकीपाशी, संध्याकाळी वळचणीखाली. माझी भिंत म्हणजे घड्याळ आहे."

"बरं. आणि अप्पांच्या तोंडात कवळी शेवटची कुणी पाहिली?"

"दुपारी जेवताना होती की!" थोरलीचा आवाज चढला. तो घाव अजून ओला होता. "माझ्या हातचा घास चावून चावून ताटात काढला आणि म्हणाले, चामडं आहे. सगळ्या कामगारांसमोर! मग ह्या बाईसाहेबांनी कवळी धुतली, वाटीत ठेवली, अप्पा झोपले, आणि उठून बघतात तर..."

बोलता बोलता ती थांबली.

"सकाळी भिंतीत गेलेली कवळी," नकारघंटा सावकाश म्हणाला, "दुपारी तुमचं चामडं कशी चावत होती?"

मिस्त्री खदखदून हसला. अप्पांचं झुलणं थांबलं.

"म्हणजे पट्टी बसल्यावर मागाहून कुणीतरी उचकटली," नकारघंटा म्हणाला. "आतले खिळे कापले, कवळी ठेवली आणि बाहेरून चार खिळे ठोकले. आता एवढंच सांगा, ही ठोकाठोक कुणाच्याच कानावर कशी गेली नाही?"

५

तो एकेकाला बाजूला घेऊन बसला.

थोरला आधी. अडगळीच्या खोलीच्या पायरीवर बसून तो पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला.

"वरच्या खोल्या तुम्हाला मिळणार, नाही का?"

"हिला हव्यात. मला फक्त शांतता हवी. खरं सांगू? अप्पांचे दात गेल्यापासून घरात जरा गारवा आहे. शिव्या कळत नाहीत हो. मला गाढव म्हणतात की गाजर म्हणतात, पत्ताच लागत नाही."

"हातोडी चालवता येते?"

"मला? परवा तसबीर टांगायला एक खिळा मागितला, तर अप्पांनी दिला नाही. डब्याला कुलूप, किल्ली करगोट्याला. मिस्त्रीचे नवे कोरे खिळे मात्र अडगळीत खोकंभर पडून आहेत. त्यांना हात लावायचा नाही, ते चांगले आहेत म्हणून. आणि जुन्यांना लावायचा नाही, ते अप्पांचे आहेत म्हणून. तसबीर अजून पलंगाखाली आहे."

"नवी कवळी का करत नाहीत अप्पा?"

"चोर सापडल्याशिवाय नवी लावणार नाही म्हणतात. ह्याच्या आधीची एक जुनी होती, पण ती त्यांनी स्वतःच्या हातानं फेकून दिली म्हणे."

"फेकून दिली?" नकारघंटेनं फाटकातल्या त्या दगडाकडे पाहिलं. "अप्पांनी?"

"म्हणाले तसं."

मग थोरली. तिनं बसायला नकार दिला आणि उभ्यानंच सांगितलं, की त्या दिवसानंतर घर रिकामं असं एकदाच होतं. तिच्या बहिणीच्या नणंदेचं लग्न होतं, तेव्हा. "आम्ही दोघं गेलो. अप्पा म्हणाले, दात नाहीत तर लग्नात काय करू? आणि हिला आमंत्रणच नव्हतं. म्हणजे घरात कोण राहिलं? ही! दुसरं कोण?"

"अप्पा राहिले."

"अप्पांचं काय, ते फाटकात खिळे ठोकत बसतात."

शेवटी धाकटी. ती मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसली होती. डोळे कोरडे, ओठ घट्ट.

"मी चोरली नाही," ती म्हणाली. "तुम्हाला खरं वाटत नसलं तर वाटू देऊ नका, मला आता सवय झालीय. गल्लीतल्या एकूण एक माणसाला अप्पांनी सांगितलंय. बोबडं सांगितलंय, पण सांगितलंय. परवा दूधवालासुद्धा माझ्यासमोर तोंड मिटून उभा होता. दात सांभाळत असेल."

"आज जाणार कुठे तुम्ही?"

"हे विचारणारे तुम्हीच पहिले," ती म्हणाली.

"नवरा?"

"बोटीवर आहे. त्याला कळेपर्यंत माझी ट्रंक रस्त्यावर आलेली असेल."

"लग्नाच्या दिवशी तुम्ही वर होता. ठोकल्याचा आवाज आला?"

"ठकठक?" ती कडवट हसली. "साहेब, ह्या घरात ठकठक कधी नसते? ती थांबली तर आम्ही दचकून बाहेर येतो."

नकारघंटा ताडकन उठला. पट्टीतून काढलेले चारही खिळे त्यानं खिशातून काढून तळहातावर घेतले आणि उजेडात फिरवले. चारही खिळ्यांच्या पोटात किंचित वळसा होता. एकेकाच्या अंगावर हातोडीचे जुने चट्टे.

६

"मी निकाल सांगतो," नकारघंटा सगळ्यांसमोर म्हणाला आणि त्यानं तक्रारीचा कागद मांडीवर घेतला. "लिहितो आणि वाचतो. कंपनीची पट्टी उत्तम. मिस्त्रीचं काम बरं."

"बरं?" मिस्त्री म्हणाला.

"गप्प बस. ओघळ आले ते खिळ्यांमुळे. आणि खिळे..." त्यानं एक खिळा चिमटीत धरून नाक मुरडलं. "असा रद्दी, टाकाऊ, मेलेला खिळा मी आजवर पाहिला नाही. उकिरड्यावरून उचललेला दिसतो. कुणा आंधळ्यानं ठोकून वाकडा केलाय."

अप्पांचा हात स्टुलाच्या कडेवर आवळला गेला.

"वाकडा कसला, नासवलाय," नकारघंटा रंगात येऊन म्हणाला. "ह्याला खिळा म्हणणं म्हणजे खिळ्याच्या जातीचा अपमान. भंगारवालासुद्धा फुकट नेणार नाही हे भंगार."

"भंगार?" अप्पा गरजले. ते स्टुलावरून उठलेच. "तुझ्या तीर्थरूपांनी तरी इतका ताठ खिळा पाहिला होता का रे, दीडदमडीच्या? दोन-दोनदा ठोकून सरळ केलाय तो! सात दारं, तीन तुळ्या सोसून तस्साच आहे, दगडासारखा! तुमचे ते दिखाऊ, दुबळे..."

आणि अप्पा थांबले.

एकेक त, एकेक द अजून हवेत घणघणत होता. नकारघंटेनं डोळे मिटून तो ऐकला, जसा काल ऑफिसात ऐकला होता.

"दळभद्र्यांनो," तो हळूच म्हणाला. "तुमच्या दारात धरणं धरीन. काल फोनवर आपणच होतात, अप्पा."

"फी... फे..." अप्पांनी बोबडं व्हायचा प्रयत्न केला. पण रागानं उघडलेलं तोंड वेळेवर मिटलं नव्हतं. आत पिवळट, झिजलेल्या दातांच्या दोन रांगा सगळ्यांनी पाहिल्या.

"जुनी कवळी!" थोरला किंचाळला. बासरी पहिल्यांदाच वरच्या पट्टीत गेली.

"वाकडा खिळा टाकवत नाही ज्याला," नकारघंटा म्हणाला, "तो माणूस अख्खी कवळी फेकून देईल? ती जपून ठेवलेली होती. चारचौघांत बोळकं, आणि खोलीचं दार लावलं की जुनी कवळी चढवून सगळं चावायचं. फोनसुद्धा तिच्यावरच झाला. आणि आता मी एकेकाला बाजूला घेऊन बसलो, तेवढ्या वेळात गुपचूप काहीतरी चावून घेतलंत, खरं ना? खिशात फुटाण्यांची सालं दिसताहेत."

अप्पांनी खिशावर हात दाबला. उशीर झाला होता.

"म्हणजे मला खिमट शिजवायला लावत होतात?" थोरलीचा आवाज कापला. "दीड महिना?"

"वाटीतली कवळी ह्यांनीच उचलली," नकारघंटा म्हणाला. "घर लग्नाला गेलं तेव्हा पट्टी उचकटली, धाकटीचा रुमाल दोरीवरून घेतला आणि सगळं आत घातलं. ठकठकीचं कुणाला काही वाटलं नाही, कारण ती रोजचीच. पुढे मिस्त्री उरलेलं काम करायला येणार, पट्टी हलवणार, रुमाल सापडणार, असा बेत होता. पण मिस्त्री उद्या येतो म्हणाला. त्याचा उद्या काही उगवला नाही. बिचारे वाट बघत बसले. मग पट्टीला गंजाचे ओघळ आले, आणि त्या निमित्तानं मला बोलावलं."

"नव्या खिळ्यांचं खोकं तर घरात होतं," मिस्त्री कळवळून म्हणाला. "माझे चार मारले असते तर ओघळ आलाच नसता!"

"नवे खिळे?" अप्पा अभावितपणे म्हणाले. "भिंतीत घालून नासवायला?"

नकारघंटेला वाटलं, ह्याहून स्वच्छ कबुलीजबाब कुणी देऊ शकणार नाही.

"पण का, अप्पा?" थोरल्यानं विचारलं. "तिनं तुमचं काय वाकडं केलं होतं?"

अप्पांनी धाकटीकडे बोट दाखवलं. "ती मला म्हणाली, सगळ्यांदेखत म्हणाली, अप्पा, ते गंजके खिळे टाकून द्या आता!"

धाकटी पुढे आली. तिनं नकारघंटेच्या हातातून पुरचुंडी घेतली, रुमाल झटकून कमरेला खोचला आणि कवळी अप्पांसमोर धरली. अप्पांनी हात पसरला. तिनं कवळी त्या हातावर ठेवली नाही. स्टुलाशेजारच्या खिळ्यांच्या डब्यात टाकली. खण्ण करून आवाज झाला.

"आजपासून तुमची तुम्ही धुवायची," ती म्हणाली. "आणि एक करायचं. गल्लीभर सांगितलंत ना, मी चोर म्हणून? बोबडं सांगितलंत. आता जाऊन स्पष्ट सांगा. दोन-दोन कवळ्या आहेत, उच्चार चुकायचं काही कारण नाही."

"मी? गल्लीत?"

"नाहीतर मी सांगते. मग खिळ्यांसकट सांगेन."

अप्पांनी थोरलीकडे पाहिलं. थोरलीनं तोंड फिरवलं. दुभाषीनं राजीनामा दिला होता. अप्पा फाटकाशी गेले. कुंपणाबाहेर डोकी जमली होतीच. ह्या घरातून पहिला आवाज चढला की ती जमायचीच. अप्पा खाकरले. दात-ओठ खात, एकेक अक्षर दगडावर ठोकल्यासारखं म्हणाले, "तिनं... दात... चोरले नव्हते."

"ऐकू नाही आलं, अप्पा," गर्दीतून दूधवाला म्हणाला.

अप्पांनी ते तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा इतकं खणखणीत, की गल्लीच्या टोकाचं कुत्रं भुंकलं.

आत जिन्यावर धाकटी ट्रंकेच्या मागे उभी राहिली. "जाऊबाई, यंत्र खाली घ्या."

"अगं, पण आता एवढं वर चढवलंय तर..."

"खाली."

थोरल्यानं न बोलता यंत्राला खांदा लावला. ते धडधडत खाली आलं आणि वाट मोकळी झाली. ट्रंक परत वर न्यायची होती, पण ती जड होती. मिस्त्रीनं तिचं एक टोक धरलं. दुसरं धरायला कुणी पुढे होईना, तेव्हा नकारघंटेनं कागद दातांत धरला आणि तो वाकला. गिऱ्हाइकाचं काही उचलायची त्याची ही पहिलीच वेळ होती, आणि त्याला ते मुळीच आवडलं नाही.

मग मिस्त्रीनं मागच्या भिंतीवरची पट्टी मुलाम्याच्या खिळ्यांनी पुन्हा बसवली. एकही खिळा दिसत नव्हता. अप्पा फाटकात जाऊन बसले होते, पण ठकठक काही येत नव्हती. थोरली दोनदा दचकून बाहेर डोकावून गेली.

नकारघंटेनं कागद पायरीवर ठेवून पुरा केला. तक्रार मंजूर की नामंजूर? नामंजूर. त्याच्या खाली कारणाची रिकामी ओळ होती. एरवी तो तिथे तीन ठरलेले शब्द लिहायचा. आज त्यानं पेन थोडा वेळ हवेत धरला आणि मग अगदी स्वच्छ अक्षरात लिहिलं:

"ग्राहकाचा सुनेवर दात होता. तो भिंतीत ठेवल्यामुळे."